कुदळ, घर आणि एक गुडघा

“पुढची जागा आता कोणाची?” मामा झुबेदाने विचारलं, आणि खासदार व्हायला निघालेले दोन पुरुष सहलीच्या गाडीपाशी अडलेल्या पोरांसारखे लँडरोव्हरच्या दाराशी थांबले.

“माझी,” फिदेलिस म्हणाला. “येताना म्झे पुढे होते.”

“येताना रस्ता बरा होता,” म्झे सेलेमानी म्हणाले. “आता खड्डे आले तर पुढची जागा ह्याची. बघ रे म्सकारा, गरिबावर अन्याय कसा होतो ते.”

“खड्डे पुढेही लागतात, म्झे,” मी स्टिअरिंगवरून म्हणालो.

“मग ये ना मागे. मी चालवतो.”

मामा झुबेदाने दोन्ही हात कमरेवर ठेवले. बाई अंगाने किरकोळ होती, पण तिने कमरेवर हात ठेवले की गावंच्या गावं गप्प होत. “न्दुगु फिदेलिस पुढे. न्दुगु सेलेमानी मागे. परतताना उलट. चला.”

मामा म्हणजे तिकडे आई, आणि न्दुगु म्हणजे भाऊ. त्या काळात टांझानियात सरकारी कामात सगळे एकमेकांचे भाऊ असत. एरवी वयाचा मान द्यायचा तर म्झे म्हणायचं, आपण आबा म्हणतो तसं. सेलेमानींना त्यांचे विरोधकही म्झे म्हणत. विरोधक म्हणजे अर्थात एकटा फिदेलिस, आणि तो त्याच गाडीत होता.

हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. साल पंचाहत्तर. देशात पक्ष एकच. पण प्रत्येक मतदारसंघात तो एकच पक्ष दोन उमेदवार उभे करी आणि लोकांना म्हणे, घ्या, निवडा ह्यातला. पुष्कळांना वाचता येत नसे, म्हणून दोघांना दोन चित्रं मिळत, एकाला कुदळ आणि दुसऱ्याला घर. स्वतःची गाडी काढायची नाही, स्वतःचा मंडप घालायचा नाही. दोघांनी पक्षाच्या एकाच गाडीतून हिंडायचं, एकाच झाडाखाली उभं राहायचं, सारखा वेळ बोलायचं. जमात, धर्म, कातडीचा रंग काढायचा नाही. आपल्या गावची बोली बोलायची नाही, प्रचार फक्त स्वाहिलीत. आणि आमच्या जिल्ह्यात पक्षातर्फे निवडणुकीवर देखरेख करणाऱ्या मामा झुबेदाचा आणखी एक नियम होता: सभेला दोघंही हजर हवेत. एक आला नाही तर दुसऱ्यानेही बोलायचं नाही.

मी तिथल्या साखर कारखान्यात हिशेबनीस होतो. कराडकडच्या एका सहकारी कारखान्यातून करारावर गेलेला. त्यांच्या भाषेत म-ने सुरू होणारी नावं ढिगाने असतात, त्यामुळे म्हसकर हे नाव त्यांना घरचंच वाटलं. त्यांनी फक्त ते आपल्या गळ्याला बसवून घेतलं आणि मी म्सकारा झालो. कारखान्याने पक्षाला गाडी दिली, ड्रायव्हर मलेरियाने आडवा झाला, आणि मामा झुबेदाने मला निवडलं. मला मत नव्हतं, भाऊबंद नव्हते, आणि गाडी चालवता येत होती. इतका निरुपद्रवी माणूस तिला जिल्ह्यात दुसरा सापडला नाही.

मला ते काम आवडलं. माणूस भेटला की मनातल्या मनात त्याच्या नावाचं खातं उघडायची मला खोड आहे. काय घेऊन आला, काय देऊन गेला, बाकी काय उरली. इथे तर दोन खाती समोरासमोर, तीही एकाच गाडीत धक्के खात.

म्झे सेलेमानी पाच वर्षं खासदार होते. उंच, हाडकुळे, डोक्यावर विणकामाची गोल पांढरी टोपी. बोलणं असं, की शेजारी बसलेल्याला वाटावं सभा आपल्याच एकट्यासाठी आहे. त्यांचं चिन्ह घर. “दिवसभर कुदळ मारा,” ते म्हणत, “पण अंधार पडला की परत कुठे जाता? कुदळीत?” लोक हसत. मग फिदेलिस उठे. सरकारी दवाखान्यात औषधं देणारा, तिशीतला, रुंद खांद्यांचा, मोजकं बोलणारा. “घर चांगलंच,” तो म्हणे. “पण त्याचा पाया कशाने खणलात?” लोक पुन्हा हसत. इतक्यात मामा झुबेदाचं गजराचं घड्याळ खणखणे आणि वाक्य जिथे असेल तिथे मोडे. एकदा म्झे “मी तुम्हाला वचन देतो की” इथवर आले आणि गजर झाला. उरलेलं वचन त्या गावाला अजून मिळालेलं नाही.

इतक्या सभा झाल्यावर दोघांना एकमेकांची भाषणं पाठ झाली होती. फिदेलिस अडखळला तर म्झे खालून शब्द पुरवत. गाडीत तर शिकवणीच चाले.

“तू पायावर फार लवकर येतोस,” म्झे म्हणत. “माझा विनोद लोकांच्या पोटात उतरू दे, मग ये.”

“मी तुमचा विरोधक आहे, म्झे.”

“म्हणूनच सांगतो. वाईट विरोधकाला हरवलं तर माझी काय शोभा?”

त्या दिवशी मात्र गाडीत शिकवणी नव्हती. प्रचाराची ती शेवटची सभा, आणि ती लुकांडेला होती.

लुकांडे हे नदीपलीकडचं मोठं गाव. फिदेलिसचं आजोळ. बाकीच्या गावांत म्झेंचं पारडं थोडं जड आहे, हे मला आकडे न मांडताही दिसत होतं. लुकांडे पुरतं उतरलं तरच फिदेलिस निवडून येणार होता. पण लुकांडेच्या लोकांना फक्त आपला पोर उभा आहे एवढंच माहीत होतं. तो कुदळ की घर, हे त्यांना सभेत कळायचं होतं. तोंडी निरोप धाडावा तर तो उलटाही पोचू शकतो, आणि अशा वेळी उलटे निरोप पोचवणारी माणसं कुठल्याही देशात मिळतात. सभा झाली नाही तर गाव चिडून घरात बसेल, मतालाच येणार नाही, असं फिदेलिसने मला एकदा टायर बदलताना सांगितलं होतं. “ते पूर्वी एकदा तसे बसलेत,” एवढंच पुढे म्हणाला.

नदीवर पोचलो आणि मी ब्रेक दाबला. वर डोंगरात आदल्या दिवशी पाऊस झाला होता. ओंडक्यांचा पूल गेला होता. दोन्ही काठांच्या झाडांना बांधलेला दोर तेवढा शिल्लक होता, आणि त्याच्याखालून कॉफीच्या रंगाचं पाणी कंबरभर उंचीने वाहत होतं. पलीकडच्या काठावर माणसं उभी होती. हात हलवत नव्हती, हाका मारत नव्हती. नुसती बघत होती.

मामा झुबेदा आणि फिदेलिस पाणी बघायला उतरले. गाडीत मी आणि मागच्या बाकावर पाय लांब करून म्झे.

“गुडघा काय म्हणतो?” मी विचारलं.

दोन दिवसांपूर्वी एका सभेहून उतरताना त्यांचा पाय मुरगळला होता. गुडघा पिकल्या पपईसारखा फुगला होता. फिदेलिसनेच त्यावर पट्टी बांधली होती.

“तो म्हणतो, घरी चल.”

“मग ऐका की त्याचं. आमच्याकडे अशा वेळी धडधाकट गुडघ्यालाही डॉक्टरचा दाखला मिळतो. तुमचा तर खरोखर सुजलाय.”

मी गंमत करत होतो, पण पुरती गंमतही नव्हती. बाकावरून न हलता निवडणूक जिंकायची संधी माणसाला आयुष्यात कितीदा मिळते? त्यांनी फक्त ‘आई गं’ म्हणायचं होतं. खोटं बोलायचीही गरज नव्हती.

म्झे माझ्याकडे बघत राहिले. “तुमच्याकडे निवडणुका कशा होतात, म्सकारा?”

मी त्यांना आमच्या कारखान्याच्या डायरेक्टरांची गोष्ट सांगितली. आबासाहेब म्हणून एक होते. ज्यांच्या मताचा भरवसा नाही अशा सभासदांना ते मतदानाच्या आधी गाड्या भरून देवदर्शनाला नेत. कोल्हापूर, तुळजापूर, गाणगापूर. रोज पंगत, रोज नवा देव. आणि मतदानाच्या सकाळी अंगाऱ्यासकट थेट केंद्रावर आणून सोडत. देवही खूश, मतदारही खूश.

म्झे इतके हसले की गुडघा धरून बसले. “आणि निवडून आल्यावर? मग जातो तो त्या लोकांकडे?”

“जातो ना. पाच वर्षांनी.”

“आणि लोक? ते जातात त्याच्याकडे?”

“रोज! ऊस तोडायला टोळी पाठवा, पोराला चिकटवा, भावाची समजूत घाला. सकाळी त्यांच्या दारात चपलांचा हा ढीग असतो. आत जायचं तर चपलांवरून उडी मारावी लागते.”

“रोज?” म्झेंनी विचारलं.

“रोज.”

“त्याने देवाला नेऊन फसवलेले लोक?”

“तेच. तेच सगळ्यांत आधी.”

ते नदीकडे बघत म्हणाले, “चपला.”

मामा झुबेदा परत आली. तिचा कांगा, म्हणजे कमरेचं लुगडं, गुडघ्यापर्यंत भिजला होता. “दोर घट्ट आहे. चालत जाता येईल. न्दुगु सेलेमानी, तुमच्या पायाला झेपेल का? नाही म्हणालात तर मी तशी नोंद करते आणि सभा रद्द. नियम तुम्हाला माहीत आहे.”

फिदेलिस तिच्या मागे उभा होता. त्याने बूट काढून हातात घेतले होते. तो माझ्याकडे, नदीकडे, आपल्या बुटांकडे बघत होता. म्झेंकडे तेवढा बघत नव्हता.

मी मनातल्या मनात म्झेंच्या खात्यावर विजय जमा करून मोकळा झालो होतो.

“परतताना पुढची जागा माझी होती ना?” म्झे म्हणाले.

“परतताना,” मामा झुबेदा म्हणाली. “अजून गेलोच नाही.”

“मग जाऊ या. पण मला आत्ताच पुढची जागा हवी.” त्यांनी बोट दाखवलं. “ह्याच्या खांद्यावर.”

फिदेलिसने वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. संशय होता, हे नक्की.

“लोक काय म्हणतील, म्झे?”

“म्हणतील, कुदळीने घर उचललं. तुझा फायदा. किंवा म्हणतील, घराने कुदळ वापरली. माझा फायदा. वाक खाली, औषधवाल्या. माझी भाषणं उचलायची तुला सवय आहेच, आता माणूसही उचल.”

मामा झुबेदाने घड्याळ माझ्या पंच्यात गुंडाळून माझ्या डोक्यावर ठेवलं. “म्सकारा, तू भिजलास तरी चालेल.”

अशी आमची वरात पाण्यात उतरली. पुढे मामा, मग पाठीवर म्झेंना घेतलेला फिदेलिस, शेवटी एका हाताने दोर आणि एका हाताने डोक्यावरचं घड्याळ धरलेला कराडचा हिशेबनीस. पाणी ओढत होतं. अर्ध्यावर फिदेलिसचा पाय दगडावरून सटकला आणि दोघं दिसेनासे झाले. मी ओरडलो. पाण्यावर पांढरी टोपी तेवढी फिरत निघून गेली. मग दोराला लटकलेला एक हाडकुळा हात दिसला, आणि त्या म्हाताऱ्याच्या दुसऱ्या हातात फिदेलिसची कॉलर.

“पाय टेक!” म्झे खोकत ओरडले. “पाय टेक, गाढवा! तू बुडालास तर सभा रद्द होईल!”

पलीकडे पोचलो तेव्हा काठावरच्या माणसांनी हात देऊन आम्हाला वर ओढलं. एका बाईने फिदेलिसच्या खांद्यावर कापड टाकलं. म्झेंना कोणी कापड दिलं नाही. आणि झाडांमागून पोरं ओरडायला लागली, “गोटी! गोटी! गोटी आला!”

गोटी म्हणजे गुडघा, एवढी स्वाहिली मला येत होती. मला वाटलं, बातमी इथवर आली, पोरांना कौतुक आहे. पण मोठी माणसं पोरांना गप्प करत नव्हती, आणि म्झे मान खाली घालून लंगडत चालले होते. मी फिदेलिसला कोपराने ढोसलं. “काय आहे हे?”

“नंतर,” तो म्हणाला.

चिंचेच्या मोठ्या झाडाखाली सभा बसली. पाळी फिदेलिसची पहिली. मामा झुबेदाने घड्याळाला चावी दिली, काटा लावला. फिदेलिस उभा राहिला. कपड्यांतून पाणी गळत होतं. “माझं चिन्ह कुदळ,” तो म्हणाला, आणि गावभर मान डोलली. झालं. ज्यासाठी आला होता ते एका वाक्यात झालं.

तेवढ्यात पुढे बसलेली त्याची मावशी, दात पडलेली, काठी टेकत उठली आणि गावच्या बोलीत काहीतरी म्हणाली. मला शब्द कळले नाहीत, पण ‘ओला झालास रे, जेवलास का’ हे कुठल्याही भाषेत कळतं. आणि फिदेलिसने तिला उत्तर दिलं. त्याच बोलीत. दोनतीन वाक्यं. गाव हसलं, त्याच्यावर माया केल्यासारखं हसलं.

मामा झुबेदाचा हात घड्याळावर थबकला.

फिदेलिसच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. त्याचा रंगच उतरला. शेवटच्या सभेत, शेवटच्या गावात, सगळ्यांसमोर, जमातीच्या बोलीत. एवढ्यावर उमेदवारी जाऊ शकत होती.

“न्दुगु सेलेमानी,” मामा झुबेदा सावकाश म्हणाली, “तक्रार दुसऱ्या उमेदवाराने करायची असते. न्दुगु फिदेलिस आत्ता कोणत्या भाषेत बोलले, ते तुम्ही ऐकलंत?”

दुसऱ्यांदा, एकाच दिवशी, विजय चालत म्झेंच्या मांडीवर येऊन बसला होता. ह्या वेळी तर गुडघ्याचं निमित्तही लागत नव्हतं.

म्झेंनी मान एका बाजूला कलती केली आणि तळहाताने कानावर थापट्या मारल्या. थेंब गळाले. मग दुसरा कान.

“काय म्हणालात, मामा?”

“कोणत्या भाषेत?”

“मोठ्याने बोला. सगळी नदी कानात भरलीय. मघापासून मला फक्त बेडूक ऐकू येतायत.”

आधी ती मावशी हसली. मग सगळं गाव. मामा झुबेदाने चेहरा कडक ठेवला, पण काटा लावताना तिचे खांदे हलत होते. “तक्रार नाही,” ती म्हणाली. “पुढे बोला. स्वाहिलीत.”

फिदेलिस पुढे काय बोलला ते त्याचं त्यालाही आठवत नसेल. गजर झाला. मग म्झे झाडाला धरून उठले.

मला वाटलं, आता घराचा विनोद येणार. ह्या हसऱ्या गावात तो मस्त लागू पडला असता. टोपी नसल्यामुळे त्यांचं डोकं लहान आणि म्हातारं दिसत होतं.

“माझं चिन्ह घर,” ते म्हणाले. “पाच वर्षांपूर्वीही मी नदीपर्यंत आलो होतो. पलीकडे गाडीत बसलो होतो. तेव्हा मी म्हणालो, माझा गुडघा दुखतो.” ते थांबले. “तेव्हा तो दुखत नव्हता. आज दुखतोय.”

आणि खाली बसले.

फिदेलिसने मामा झुबेदाकडे पाहिलं, सभा संपली का म्हणून. मामाने मान हलवली. “वेळ सारखा मिळतो,” ती हळूच म्हणाली. “न्दुगु सेलेमानींचा वेळ अजून संपलेला नाही.”

मग आम्ही बसलो. सगळं गाव बसलं. घड्याळाची टिकटिक चिंचेखाली स्पष्ट ऐकू येत होती. एक कोंबडी सभेच्या मधून, कोणाची भीडभाड न ठेवता, पलीकडे गेली. फिदेलिसच्या सदऱ्यातून पाणी ठिपकत होतं. पोरंसुद्धा गप्प होती. म्झे जमिनीकडे बघत बसले होते, आणि गाव म्झेंकडे. आमच्याकडे एवढ्या वेळात तीन वक्ते आणि दोन हार उरकतात.

गजर झाला तेव्हा सगळे दचकले.

मावशीने परातभर मक्याची उकड आणि वालाची आमटी आणली. मामा झुबेदा म्हणाली, प्रचारात जेवणावळ चालत नाही. मावशी म्हणाली, मी उमेदवारांना नाही, भिजलेल्या माणसांना वाढतेय. ह्यावर मामाकडे नियम नव्हता. दोघं एकाच परातीत जेवले. तिनेही चार घास घेतले.

माझ्या शेजारी मलेंगा नावाचा म्हातारा बसला होता. पक्षाने दर दहा घरांमागे एक प्रमुख नेमलेला असे, त्यातला तो. त्याने मला उरलेलं सांगितलं. त्या वेळी म्झेंच्या विरुद्ध उभा असलेला माणूसही ह्याच भागातला होता. गावाने सकाळपासून स्वयंपाक केला होता, पोरांना धुऊनपुसून बसवलं होतं. गाडी पलीकडे आली, थांबली, आणि वळून गेली. “शिजवलेलं आम्हीच खाल्लं,” मलेंगा म्हणाला. “मताला कोणी गेलं नाही. तेव्हापासून तो गोटी.”

“आणि पाच वर्षांत तुमचं काही काम निघालं नाही त्यांच्याकडे?”

“कामं पुष्कळ निघाली. पुलाचंच बघ.” त्याने बोटं चाटली. “पण गुडघ्याकडे काम घेऊन कोण जातं?”

परतताना पाणी उतरलं होतं. पुढची जागा म्झेंची होती. ते बसले. कारखान्याचे दिवे दिसायला लागले. फिदेलिसने मागून एकदा विचारलं, “का, म्झे?” म्झे म्हणाले, “कान अजून भरलेत,” आणि डोळे मिटून घेतले.

निवडणूक फिदेलिसने जिंकली. लुकांडेने जिंकवली. पेट्या फोडल्या तेव्हा मी तिथे नव्हतो, पण मामा झुबेदाने सांगितलं, की निकाल ऐकून म्झेंनी फिदेलिसचा हात धरून वर केला आणि त्याच्या कानात काहीतरी म्हणाले. फिदेलिस हसला नाही, त्याने त्यांच्या पायाला हात लावला, आणि हे तिने त्या भागात कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, झालं. खातं मिटलं. एक जुनी चूक होती, माणसाने खासदारकी देऊन फेडली. थोडी महाग पडली, पण चोख.

मी हिशेबात चुकत नाही असा माझा लौकिक होता.

पुढच्या मोठ्या पावसात मी म्झेंकडे गेलो. कारखान्याच्या गोदामाशेजारी त्यांची जमीन होती, तिच्या हद्दीचं काहीतरी विचारायचं होतं. पडलेल्या उमेदवाराच्या घरी जाताना जसं जातात तसा गेलो, चेहरा जरा लांब करून. आमच्या आबासाहेबांना एकदा पाडलं होतं, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात चिमण्या नाचत होत्या. तीच तयारी ठेवून गेलो.

पायरीवर अडखळलो. चपला होत्या. तिकडे जुन्या टायरचे तुकडे कापून चपला करतात, जड, काळ्या, जन्मभर टिकणाऱ्या. पायरीभर पसरल्या होत्या. त्यांच्याखाली नदीचं गढूळ पाणी साचलं होतं.

आतून लुकांडेच्या मलेंगाचा आवाज येत होता. “पूल त्यालाच सांगायचा, बरोबर. पण फिदेलिस आमचा पोर. मावशीच्या हातचं खाल्लेला. त्याला आम्ही कसं रागवणार? हो म्हणतो, गोड बोलतो, आणि आम्हीही गोड बोलून परत येतो. तुमचं तसं नाही. तुम्ही त्याच्याविरुद्ध उभे होता. तुम्ही त्याला चार शब्द सुनवू शकता.”

“चार?” म्झे म्हणाले. “त्याचं सगळं भाषण मला पाठ आहे. तो कुठे अडकतो ते मला माहीत आहे.”

“मग उठा, गोटी. बस निघून जाईल.”

गोटी. तोंडावर. आणि आतली सगळी माणसं हसली. त्या हसण्यात म्झेंचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

ते काठी टेकत बाहेर आले. नवी पांढरी टोपी होती. मला पाहून दारातच थांबले. मी हद्दीचं काही बोलायच्या आत त्यांनी काठीने पायरीकडे दाखवलं.

“तुमच्या त्या देवदर्शनवाल्याच्या दारात एवढ्या असतात?”

मी बघितलं. खोटं बोलावंसं वाटलं, पण सवय नव्हती. “त्यांच्याकडे जरा जास्त असतात, म्झे.”

“असू देत,” ते म्हणाले, आणि एक चप्पल काठीच्या टोकाने उलटी केली. आतलं पाणी पायरीवरून ओघळलं. “त्याच्या ओल्या नसतील.”